बेने-इस्रायलांचा ‘शेमा’ व मॉर्मनांचा सदेह ईश्वर

यहूदी धर्मग्रंथाच्या आरंभीच्या अध्यायात ईश्वराने मनुष्यास आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केले, असे विधान आहे. ह्या एकाच विधानातून ईश्वरस्वरूपाविषयी दोन परस्परविरुद्ध मते निघाली. प्रतिरूप म्हणजे विवेकशक्ती, शरीर नव्हे, कारण ईश्वरास शरीर संभवतच नाही, असे एक मत. प्रतिरूप म्हणजे प्रत्यक्ष आकृती, म्हणजे ईश्वरासही मनुष्यासारखे हातपाय आहेत, असे दुसरे. पहिले मत मध्ययुगापासून यहूदी धर्मात सर्वमान्य होत गेले. दुसरे मत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मॉर्मन पंथाने सिद्धान्त म्हणून स्वीकारले.

हा वाद दूरच्या देशांचा वाटला तरी तो महाराष्ट्रास अगदी परका नाही. यहूदी धर्माचे अनुयायी बेने-इस्रायल हे कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासून रायगड जिल्ह्याच्या) किनाऱ्यावर शतकानुशतके नांदले आहेत, व मॉर्मन प्रचारक १८५२ त मुंबई-पुण्यास येऊन गेले आहेत. बेने-इस्रायलांविषयी लिहिताना त्यांनी ‘निराकार ईश्वराची उपासना’ अखंड चालविली, असे एक वाक्य सहज लिहिले जाते. हे वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्या कामी मॉर्मन मताची तुलना विशेष उपयोगी पडते, ती कशी हे पुढे दिसून येईल.

(१)

बेने-इस्रायलांची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते अलिबागेच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. ७ पुरुष व ७ स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांची प्रेते नवगावास पुरली, व ती जागा समाज आजही पवित्र मानतो. गलबताबरोबर धर्मग्रंथही समुद्रात गेले. ही घटना इ. स. पूर्वी १७५ च्या सुमारास घडली, असे समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर ह्यांचे मत होते. त्यांनी आपला ग्रंथ १८९७ त लिहिला, पण तो १९३७ त तेल-अवीव येथे छापला गेला. हा काळ सिद्ध करणारा समकालीन लेख नाही, तेव्हा तो परंपरा म्हणूनच घ्यावयाचा.

परंपरेपेक्षा आडनावांचा पुरावा अधिक ठोस आहे. नवगावकर, केहीमकर, चेऊलकर, दिवेकर, मुरुडकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर ही नावे वाचीत गेले म्हणजे किनाऱ्याचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. गावोगाव विखुरलेला हा समाज तेलाचे घाणे चालवी, आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून शेजारी त्यास ‘शनवार तेली’ म्हणत. बोली मराठी, पोशाख किनाऱ्याचा, आणि सणांची नावेही घरगुती: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, अनाशी ढाकण्याचा सण. प्रार्थनामंदिरास ते ‘मशीद’ म्हणत व धर्मकृत्ये चालविणारास ‘काजी’. शब्द शेजाऱ्यांकडून घेतले, व काही चालीरीतीही घेतल्या. मग देवाविषयीची कल्पना तेवढी मूळची राहिली, हे कशावरून?

(२)

ह्या प्रश्नाच्या उत्तरार्थ तीन जुने लेख लक्षात घेण्यासारखे आहेत.

पहिला लेख इ. स. १२०० च्या सुमाराचा. मिसर देशातील प्रख्यात यहूदी तत्त्वज्ञ मायमोनिदीस (११३८–१२०४) ह्याने दक्षिण फ्रान्सातील लुनेल येथील विद्वानांस लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातील यहूद्यांचा ओझरता उल्लेख केला आहे. त्यांस लेखी धर्मशास्त्र ठाऊक नाही, शब्बाथाचा विश्राम व सुंता एवढेच त्यांच्यापाशी आहे, असा त्याचा आशय. हे यहूदी कोकणातलेच होते, असे पत्रावरून ठरत नाही. शिवाय त्यात ‘शेमा’चा उल्लेख नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा लेख १७३८ चा. डॅनिश मिशनचा पाद्री सार्टोरियस ह्याने मद्रास प्रांतातून लिहिलेल्या पत्रात, सुरत व राजापूर ह्या बाजूस स्वतःस ‘बेने-इस्रायल’ म्हणविणारे लोक आहेत, असे कळविले. त्यांच्यापाशी बायबल नाही, हिब्रू भाषा त्यांस येत नाही, प्रार्थनेतला ‘शेमा’ हा एक शब्द तेवढा ठाऊक आहे, अशी त्याची माहिती होती. ती ऐकीव असली तरी फार मोलाची आहे. मुंबईत अमेरिकन मिशन १८१३ त सुरू झाले, तेव्हा प्रोटेस्टंट पाद्र्यांनी ह्या समाजास बायबल शिकविण्याच्या कितीतरी आधीची ती आहे.

तिसरा लेख १७६८ चा. कोचीनचे यहूदी व्यापारी एझेकिएल राहाबी ह्यांनी टोबायस बोआस ह्यास लिहिलेल्या पत्रात, मराठ्यांच्या मुलखात विखुरलेले, तेल गाळणारे, काही शिपाईगिरी करणारे हे लोक वर्णिले आहेत. शेमाचे पठण व शब्बाथाचा विश्राम ह्यांपलीकडे त्यांस धर्माचे ज्ञान नाही, असे त्यांचेही म्हणणे.

समाजाची परंपरा सांगते की दाविद राहाबी नावाचा कोणी यहूदी पुरुष किनाऱ्यावर आला व त्याने ह्या लोकांची परीक्षा घेतली. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली असता त्यांनी पर व खवले असलेली तेवढी निवडून घेतली, आणि त्यांच्या तोंडी शेमा त्याने ऐकला. मग त्याने तीन घराण्यांतील पुरुषांस शिकवून काजी नेमले. केहीमकर हा पुरुष फार प्राचीन मानीत. इतर कित्येक त्याची सांगड कोचीनच्याच राहाबी घराण्यातील दाविदाशी घालतात, ज्याचा जन्म १७२१ चा. हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. दुसरे मत खरे धरले तरी १७३८ त तो १७ वर्षांचा मुलगा होता, म्हणजे शेमा त्याने शिकविलेला नसून त्याच्या आधीच किनाऱ्यावर होता, एवढे निष्पन्न होते. ह्या एका मुद्द्यावर परंपरा व लेख परस्परांस दुजोरा देतात.

(३)

शेमा म्हणजे काय, हे आता पाहू. मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील ते एक लहानसे वचन आहे. ‘शेमा’ म्हणजे ‘ऐक’. इस्रायलास हाक मारून, जो परमेश्वर तोच आपला देव व तो एकच आहे, एवढेच त्यात सांगितले आहे. यहूदी मनुष्य ते सकाळ-संध्याकाळ म्हणतो, म्हणताना डोळ्यांवर हात धरतो, आणि मृत्युसमयी तेच त्याचे शेवटचे शब्द व्हावेत अशी त्याची इच्छा असते. बेने-इस्रायलांपाशी दुसरी प्रार्थनाच नव्हती, म्हणून सुंता, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी ते शेमाच म्हणत, असे केहीमकरांनी नमूद केले आहे. बाकी धर्म जेथे दहा ग्रंथांत सांगतो, तेथे ह्या लोकांनी तो एका वचनात साठवून ठेवला.

परंतु ह्या वचनावरून ईश्वरस्वरूपाविषयी नेमके काय सिद्ध होते? ‘एक’ हा शब्द मोजणीचा असू शकतो, म्हणजे दोन नव्हेत, एक. ‘एक’ म्हणजे अखंड, ज्यास अवयव वा भाग नाहीत, असाही अर्थ होतो. मायमोनिदीसाने दुसरा अर्थ घेतला. ११६८ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या आपल्या भाष्यात त्याने यहूदी श्रद्धेची १३ तत्त्वे मांडली. त्यांतील दुसरे तत्त्व ईश्वराच्या एकत्वाचे व तिसरे त्याच्या अशरीरत्वाचे. शरीर म्हटले की भाग आले, आणि भाग आले की खरे एकत्व संपले, अशी त्याची तर्कपरंपरा. ग्रंथांत ईश्वराचा हात, बोट, डोळे ह्यांचा जो उल्लेख येतो, तो मनुष्याच्या समजुतीसाठी योजिलेला अलंकार होय, असे तो म्हणतो. होरेब पर्वतापाशी लोकांनी वाणी ऐकली, पण आकृती पाहिली नाही, हे मोशेच्या पुस्तकातील विधान ह्या मताचा मुख्य आधार आहे.

हे मतही निर्विवाद नव्हते. जो ईश्वरास शरीर मानतो तो पाखंडी, असे मायमोनिदीसाने म्हटले, तेव्हा प्रोव्हान्स प्रांतातील पोस्कियेरचा पंडित अब्राहाम बेन दाविद ह्याने आक्षेप घेतला की, ग्रंथांचे शब्द जसेच्या तसे घेऊन तसे मानणारे मोठमोठे लोक पूर्वी होऊन गेले आहेत, त्यांस पाखंडी का म्हणावे? म्हणजे अशरीरत्वाचा सिद्धान्त यहूदी धर्मातही युक्तिवादाने, हळूहळू प्रस्थापित झाला.

(४)

आता मॉर्मन मत पाहू. ह्या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) हा न्यूयॉर्क संस्थानातील एका शेतकऱ्याचा मुलगा. आपणास १८२० त पिता व पुत्र हे दोन निरनिराळे पुरुष म्हणून प्रत्यक्ष दिसले, असे त्याने पुढे सांगितले. १८३० त त्याने ‘मॉर्मनचे पुस्तक’ प्रसिद्ध केले व त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी पंथाची स्थापना केली. पंथाचे अनुयायी स्वतःस ‘अंत्यकालीन संत’ म्हणवितात.

ईश्वरस्वरूपाचा त्यांचा सिद्धान्तही एका दिवसात बनलेला नाही. १८३५ त छापलेल्या त्यांच्या व्याख्यानांत पित्याचे वर्णन आत्मस्वरूप असे आहे. १८४३ च्या एप्रिलात स्मिथाने जे सांगितले व जे आज त्यांच्या धर्मग्रंथात समाविष्ट आहे, त्यात मात्र पित्यास मनुष्याइतकेच स्पर्शगम्य असे मांस व अस्थी ह्यांचे शरीर आहे, पुत्रासही तसेच आहे, व पवित्र आत्मा तेवढा केवळ आत्मरूप आहे, असे स्पष्ट विधान आहे. हे शरीर नाशवंत नसून पूर्णत्वास पोचलेले व अमर, असे ते मानतात. आत्मा हेही सूक्ष्म द्रव्यच आहे, द्रव्य अनादी आहे, आणि सृष्टी शून्यातून निर्माण न होता असलेल्या द्रव्याची रचना करून झाली, ही त्यांची पुढली तत्त्वे. माणसांचे आत्मे ही ह्या पित्याचीच अपत्ये आहेत, त्यांस स्वर्गीय माताही आहे, आणि आज्ञापालनाने मनुष्य ईश्वरासारखा होऊ शकतो. ईश्वर स्वतः एके काळी मनुष्यासारखा होता, हे विधान स्मिथाने १८४४ च्या एप्रिलात एका प्रवचनात केले. ते प्रवचन प्रसिद्ध असले तरी पंथाच्या प्रमाणग्रंथांत घेतलेले नाही.

पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे एकाच तत्त्वाचे आहेत, हा इ. स. ३२५ च्या निकेया येथील धर्मसभेपासून रूढ झालेला ख्रिस्ती सिद्धान्त मॉर्मनांस मान्य नाही. त्यांच्या मते ते तीन स्वतंत्र पुरुष असून हेतूने व इच्छेने मात्र एक आहेत. मोशेशी ईश्वर समोरासमोर बोलला, हे वचन ते शब्दशः घेतात.

ह्या पंथाचे स्कॉटिश प्रचारक ह्यू फिंडले १८५२ त मुंबईस आले व पुढे त्यांनी पुण्याच्या लष्करातही प्रचार केला. मराठ्यांस उद्देशून सत्य व जिवंत देवाविषयी एक लहान पुस्तिकाही मुंबईस निघाली. परंतु ऐकणारे बहुतेक युरोपीयच मिळाले, आणि १८५६ पर्यंत प्रचारक परत गेले. किनाऱ्यावरील बेने-इस्रायलांशी त्यांचा वाद झाला असता तर तो मोठा उद्‌बोधक झाला असता, कारण दोघांच्याही हातात मोशेची पुस्तके होती.

(५)

त्या वादाचा मर्मबिंदू शेमा हाच ठरता. मूळ हिब्रूत ह्या वचनात ईश्वराची दोन नावे येतात. एक चार अक्षरांचे, जे यहूदी उच्चारीत नाहीत व ज्याच्या जागी ‘अदोनाय’ म्हणतात. दुसरे ‘एलोहीम’ ह्या शब्दाचे रूप. पहिले नाव ज्याचे तोच दुसऱ्या नावाने ओळखिला जातो व तो एक आहे, हाच वचनाचा अर्थ. मॉर्मन पंथाच्या अध्यक्षमंडळाने १९१६ त काढलेल्या निवेदनानुसार ‘एलोहीम’ हे नाव पित्याचे, आणि ‘यहोवा’ म्हणजे ते चार अक्षरांचे नाव देहधारणेपूर्वीच्या पुत्राचे. यहूद्यांस जेथे एकाची दोन नावे दिसतात, तेथे मॉर्मनांस दोन व्यक्ती दिसतात. दोघेही ‘एक’ हा शब्द सोडीत नाहीत: एकाचे ऐक्य सत्तेचे, दुसऱ्याचे हेतूचे.

मराठी वाचकास येथे सगुण-निर्गुणाचा वाद आठवेल, पण ती उपमा फार ताणू नये. सगुणोपासकाची मूर्ती भक्ताच्या सोयीसाठी असते व अवतार काही काळापुरता असतो. मॉर्मनांचा सदेह पिता ना मूर्ती, ना अवतार. देह हे त्याचे उणेपण नसून पूर्णत्व आहे. उलट यहूद्यांचा ईश्वर वेदान्त्यांच्या निर्गुण ब्रह्मासारखाही नाही. तो अशरीर असला तरी बोलतो, आज्ञा करतो, रागावतो व क्षमा करतो.

ह्या तुलनेचा आपल्या मूळ प्रश्नास उपयोग असा. बेने-इस्रायल मूर्ती ठेवीत नसत, म्हणून ते ईश्वरास निराकार मानीत असले पाहिजेत, असे अनुमान सर्रास केले जाते. मॉर्मनही ईश्वराची मूर्ती पूजीत नाहीत, तथापि ते त्यास हाडामांसाचा मानतात. तेव्हा मूर्ती नसणे व शरीर न मानणे ह्या दोन भिन्न गोष्टी ठरतात, आणि पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. १७३८ च्या किंवा १७६८ च्या पत्रांवरून बेने-इस्रायलांचे एकेश्वरत्व सिद्ध होते, पण अशरीरत्वाचा सिद्धान्त त्यांच्यापाशी होता की नव्हता, ह्याविषयी ती पत्रे मौन धरतात. हिब्रू न जाणणाऱ्या तेल्याने मुखोद्गत वचनाचा अर्थ मायमोनिदीसाप्रमाणेच केला असेल, असे गृहीत धरणे हे इतिहासाचे काम नव्हे.

(६)

अशरीरत्वाचा लेखी पुरावा एकोणिसाव्या शतकात येतो. सॅम्युएल दिवेकर ह्या कंपनीच्या पलटणीतील अंमलदाराने १७९६ त मुंबईत समाजाची पहिली मशीद बांधली. मग किनाऱ्यावर रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), पेण (१८६३) येथे प्रार्थनामंदिरे झाली. कोचीनच्या शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना शिकविल्या, व स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ त मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह १८४६ त मुंबईस व १८७४ त पुण्यास छापली गेली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणिले. समाजाने स्वीकारलेल्या सेफार्दी पद्धतीच्या प्रार्थनांत मायमोनिदीसाची १३ तत्त्वे पद्यरूपाने येतात. तेथून पुढे ईश्वरास शरीर नाही, हे बेने-इस्रायल मनुष्य स्वतःच्या प्रार्थनेतच म्हणू लागला. १८८० च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या कीर्तनांनी अब्राहाम, मोशे ह्यांची चरित्रे मराठी साकी-दिंडीत बसविली, व देवाचा निर्देश ‘परमेश्वर’, ‘प्रभू’ ह्या सर्वांच्या ओळखीच्या शब्दांनी केला.

ग्रंथ येण्यापूर्वीची श्रद्धा आचारात पाहावी लागते, व तो आचार बोलका आहे. समाजाचा मलिदा हा विधी घ्या. भिजविलेले पोहे, गूळ वा साखर, खोबरे व फळे ताटात मांडून एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, ह्याचे स्मरण करतात. अलिबागेजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी श्रद्धा आहे. परक्यास ही एलियाची पूजा वाटेल. परंतु फळे खाण्यापूर्वी जे आशीर्वचन म्हणतात, ते झाडाचे फळ व भूमीचे फळ निर्माण करणाऱ्यास उद्देशून असते. एलिया हा दूत, देव नव्हे. आणि शनिवारी बंद राहणारा घाणा हेही एक विधानच होते: सहा दिवसांत सृष्टी करून सातव्या दिवशी विसावलेला निर्माता आहे, हे त्या दिवसाच्या विश्रामाचे कारण. ज्या तेल्यास ते कारण ग्रंथातून वाचता येत नव्हते, त्याने दर आठवड्यास एक दिवसाची कमाई सोडून ते पाळले.

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा. ईश्वर एक आहे, ही बेने-इस्रायलांची श्रद्धा ग्रंथपूर्व काळापासूनची असून तिला १७३८ पासून लेखी आधार आहे. तो सृष्टिकर्ता आहे, ह्याची साक्ष त्यांचा शब्बाथ देतो. तो अशरीर आहे, हा सिद्धान्त म्हणून मात्र त्यांच्यापाशी एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांबरोबर आलेला दिसतो. पूर्वीही तसे मानीत असणे शक्य आहे, पण शक्यता व सिद्धता ह्यांत अंतर आहे.

हा भेद केवळ पंडिती नाही. १९४८ च्या सुमारास हिंदुस्थानात सुमारे २०,००० बेने-इस्रायल होते, त्यांतील बहुतेक पुढे इस्रायलात गेले. तेथे त्यांच्या विवाहांच्या प्रसंगी धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या वंशाविषयी व पूर्वीच्या विवाह-घटस्फोटांविषयी शंका काढिल्या. समाजाने चळवळ केली, व १९६४ त ते सर्वार्थाने यहूदी आहेत हे मान्य करण्यात आले. त्या वादात देवाच्या स्वरूपाचा प्रश्न नव्हता, परंतु किनाऱ्यावरच्या ह्या लोकांचा धर्म किती जुना व किती अस्सल, हा प्रश्न होताच. अशा वेळी अतिशयोक्तीने भरलेला इतिहास उपयोगी पडत नाही, कारण एक विधान खोटे ठरले की खरी विधानेही संशयास पात्र होतात. ग्रंथ बुडाले, भाषा गेली, नावे बदलली, तरी एक वचन व एक दिवस ह्या समाजाने टिकविला. एवढे कागदोपत्री सिद्ध आहे, आणि त्याहून अधिक काही सिद्ध करण्याची त्यास गरजही नाही.